तात्पुरता भार

टेम्पोतून बॅटरीचे दोनच डबे उतरले, तेव्हा उर्मिला शिंत्रेला वाटलं, उरलेले दोन ताडपत्रीखाली राहिले असतील. तिने स्वतः मागे चढून ताडपत्री उचलली. खाली नायलॉनचा दोर होता आणि ड्रायव्हरची मोडकी छत्री होती.

"दोनच हायत मॅडम," ड्रायव्हर म्हणाला. "चलनावर बी दोनच लिवलंय."

"मी चार मागितले होते."

"मागून कोण काय देतंय का आता?" असं म्हणून त्याने गाडी वळवायला घेतली. त्याला धुकं दाटायच्या आत घाट उतरायचा होता.

उर्मिला त्या दोन डब्यांकडे पाहत अंगणात उभी राहिली. गडहिंग्लजला तिचं सोलरचं दुकान होतं, हाताखाली चार माणसं होती, आणि वीस वर्षांत तिने इतक्या छपरांवर पॅनेल चढवली होती की हिशोब ठेवायचं तिने कधीच सोडून दिलं होतं. एरवी असल्या डोंगरातल्या कामाला ती माणसं पाठवायची. आज जुने, थकलेले डबे बदलायला ती स्वतः आली होती, कारण हे घर मालन मावशीचं होतं. उर्मिलाची आई ती लहान असतानाच गेली. त्यानंतर मावशीने तिला आपल्या पिठाच्या गिरणीत पोत्यांवर झोपवून वाढवलं. ती मावशी आता बहात्तर वर्षांची होती आणि दिवसाचे सोळा-सतरा तास नाकात नळी घालून ऑक्सिजनच्या मशीनवर जगत होती. तीस वर्षं पिठाची भुकटी छातीत गेली होती, तिने आता फुप्फुसं धरली होती.

आंबेमाळ आजऱ्याच्या वर, डोंगराच्या खांद्यावर वसलेलं. इथले विजेचे खांब पाच वर्षांपूर्वी काढून नेले. दोन डोंगर ओलांडून एवढ्याशा वस्तीसाठी तारा सांभाळणं परवडत नाही, असं वरच्या लोकांनी ठरवलं. त्याऐवजी प्रत्येक घराला छपरावर पॅनेल आणि सोप्यात बॅटरी दिली. ज्याची वीज त्याच्या छपरावर. भाषणात ऐकायला हे फार झकास वाटतं. पण जुलै-ऑगस्टात आंबेमाळावर ढग असे बसतात की आठवडे उलटले तरी सावली पडत नाही. तेव्हा पॅनेलमधून नेहमीच्या विजेची जेमतेम पाचवा वाटा येतो. अशा दिवसांत घर तगतं ते बॅटरीत साठवलेल्यावर. म्हणून बॅटरी किती मोठी द्यायची, हा प्रश्न इथे जीवनमरणाचा असतो, आणि असल्या प्रश्नाचं उत्तर आता उर्मिलाच्या हातात राहिलं नव्हतं. ते मापाडी द्यायचा.

मापाडी हे त्या यंत्राचं खरं नाव नव्हे. खरं नाव सरकारी आणि लांबलचक होतं. बाजार समितीत शेतकऱ्याचं धान्य मोजून देणारा असतो तो मापाडी, म्हणून सोलरवाल्यांनी त्याला ते नाव ठेवलं. त्याच्या आधी हे मोजमाप माणसं करायची. उर्मिला नव्या घरात गेली की सरळ स्वयंपाकघरात बसायची, चहा घ्यायची आणि बाईला विचारायची, "काय काय लागतं तुम्हाला?" मिक्सर लागतो, टीव्ही लागतो, थंडीत म्हाताऱ्याला पाणी तापवून लागतं. कुठली वस्तू किती वॅटची आणि दिवसाला किती तास, याचा गुणाकार. त्यात तारांमधली गळती धरायची. बॅटरी कधी तळापर्यंत खरवडायची नसते, म्हणून थोडी जागा सोडायची. मग सलग किती दिवस ढग राहतील तेवढी साठवण वर टाकायची. एवढंच ते शास्त्र.

मापाडी कुणालाच काही विचारत नव्हता, तो ऐकत होता. विजेवर चालणारी प्रत्येक वस्तू तारेतल्या प्रवाहावर आपली खूण सोडते. फ्रीज सुरू होताना एक हिसका देतो, मिक्सर थरथरतो, पंप आधी जोरात ओढतो आणि मग शांत होतो. मापाडीचा मीटर सेकंदाला हजारो वेळा तो प्रवाह तपासायचा. दोन महिन्यांत त्याला घर पाठ व्हायचं. कोण पहाटे उठतं, कोण रात्री चारदा मोरीचा दिवा लावतं, कुणाचं मशीन कधी चालतं. आणि हजारो घरांच्या अनुभवावरून तो पुढच्या दहा वर्षांची वीज आज सांगायचा. पोर मोठी होईल, तिची खोली होईल, तिथे एसी येईल. सगळं धरून तो डबे मंजूर करायचा. त्याच्या मंजुरीपेक्षा एक डबा जास्त जोडला, तर इन्व्हर्टर सुरूच होत नसे. बाहेरून सुटी बॅटरी आणावी, तर दोन-तीन घरं पेटल्यापासून तिच्या विक्रीवर बंदी होती.

उर्मिला सोप्याच्या पायरीवर बसली आणि टॅबवर तिने मावशीच्या घराचं मोजमाप उघडलं. पडद्यावर रंगीत रेघा होत्या. हिरवी फ्रीजची, पिवळी दिव्यांची, निळी ऑक्सिजनच्या मशीनची. सगळ्या रेघा दहा वर्षं पुढे जात होत्या. निळी मात्र पुढच्या ऑगस्टात, म्हणजे अजून चौदा महिन्यांनी, खाली येऊन संपत होती. शेजारी दोन शब्द होते: तात्पुरता भार.

हे शब्द उर्मिलाच्या रोजच्या वापरातले होते. लग्नाच्या मांडवाचे दिवे म्हणजे तात्पुरता भार. घराचं बांधकाम चालू असताना लावलेला पाण्याचा पंप म्हणजे तात्पुरता भार. चार दिवसांनी जो जाणार, त्याच्यासाठी ढगाळ दिवसांची साठवण कोणी धरत नाही. मावशीचा श्वास मापाडीने मांडवाच्या दिव्यांत बसवला होता.

टॅब हातात घेऊन ती तडक उठली.

मावशीचा मुलगा रणजित मागच्या परड्यात डब्यांसाठी चौथरा बांधत होता. तो उर्मिलापेक्षा आठ वर्षांनी लहान, तिने अंगाखांद्यावर खेळवलेला. तिने त्याच्यापुढे टॅब धरला.

"हे बघितलंस तू?"

त्याने थापी खाली ठेवली. पडदा पाहिलाही नाही. "बघितलंय ताई."

"कधी?"

"एप्रिलात. अंगठा द्यायला लागतोय न्हवं, मालकानं, मोजमाप मान्य म्हणून."

"आणि तू दिलास."

"न्हाय देऊन काय करणार? मशीनला कळतंय ते. ते चुकत न्हाय म्हणत्यात." रणजित थापीकडे बघत पुढे म्हणाला, "वरच्या आळीतल्या भिकाजी तात्यांचं सांगितलं हुतं, दसऱ्यापर्यंत. दसऱ्याच्या आधी चार दिवस गेलं."

आता उर्मिलाला आल्यापासूनची एक एक गोष्ट कळायला लागली. मावशीची मुलगी, पुण्याची पद्मा, दिवाळीला यायची ती यंदा गणपतीलाच येणार होती, तीही पंधरा दिवस. सोनल, रणजितची बायको, सासूला विचारून विचारून आवडीचं करून घालत होती. माळ्यावरून मावशीचं इरकल लुगडं खाली आलं होतं, उन्हात वाळून घडी घालून ठेवलं होतं. घरात कुणी मोठ्याने बोलत नव्हतं. जिवंत बाईला सगळ्यांनी मनातून पोचवून टाकलं होतं आणि वर्षभर आधीच तिच्याशी गोड वागायला सुरुवात केली होती.

"डॉक्टर काय म्हणाले?" उर्मिलाने विचारलं.

"त्यांना न्हाय इचारलं. त्यांच्यापेक्षा ह्येला जास्ती कळतंय, आसं म्हणत्यात." त्याने टॅबकडे बोट केलं. त्याच्या बोटाला सिमेंट लागलं होतं. उर्मिलाला त्याचा इतका राग आला आणि इतकी दयाही आली, की ती तशीच आत निघून गेली.

सोप्यात मावशी खिडकीशी खुर्चीत बसून लसूण सोलत होती. नाकात नळी, पायाशी मशीन घुं घुं करतंय, मांडीवर सूप.

"आलीस व्हय गं. चेहरा कशाला आसा केलायस, मोटर जळल्यासारखा?"

"काही नाही. डबे कमी आलेत."

"आलं तर आलं. बस. तुला एक इचारायचंय." मावशीने आवाज खाली आणला. "ह्यास्नी काय झालंय? परवा मी म्हटलं भाजी आळणी झालीया, तर सोनल रडाया लागली. मी म्हटलं, मीठ घाल की बाई, रडतीयास कशाला."

उर्मिला हसली आणि तिच्याच डोळ्यांत पाणी आलं. तेवढ्यात भिंतीवरच्या इन्व्हर्टरचा लाल दिवा लागला आणि तो टिकटिक करायला लागला. बाहेर ढग उतरले होते, भरदुपारी सोप्यात अंधारून आलं होतं. आणि उर्मिलाच्या देखत मावशीने शेजारची काठी उचलली, तिच्या टोकाने भिंतीवरचं बटण सराईतपणे दाबलं आणि मशीन बंद केलं. नळी नाकातून काढून कानावर अडकवली आणि पुन्हा लसूण सोलायला घेतला.

"मावशी, काय केलंस हे?"

"आगं, लाल दिवा लागला न्हवं. फ्रीजात दूध हाय, नासंल. सोनलचं शिवणाचं मशीन चालू हाय आतल्या खोलीत, तिच्या कामाची खोटी कशाला. माझं काय, म्या बसून हाय. हळूहळू घेतीया श्वास." एवढं बोलेपर्यंत तिला दोनदा थांबावं लागलं. ओठांच्या कडा निळसर दिसायला लागल्या होत्या.

"रोज करतेस असं?"

"पावसात रोजच की. आमी काय आज शिकलोय व्हय? सगळ्यांची ताटं झाल्याबिगर कधी जेवलीया मी?"

उर्मिलाने उठून बटण दाबलं. आत जाऊन सोनलला शिवण थांबवायला सांगितलं आणि फ्रीजचा प्लग स्वतः ओढला. "वन्सं, काय झालं?" असं सोनल विचारत राहिली, पण उर्मिला तिथेच भिंतीला टेकून उभी होती. तिच्या डोक्यात एकेक गोष्ट जागेवर बसत होती.

मापाडी प्रवाह ऐकतो. वापरलेली वीज त्याला ऐकू येते. न वापरलेली ऐकू येत नाही. मावशीला मशीन नको म्हणून ते बंद झालं, की हवं असून तिने काठीने बंद केलं, हे त्याला कधीच कळणार नव्हतं. "किती वापरता?" एवढंच तो मोजत होता. "किती लागतं?" हे त्याने कुणाला विचारलंच नव्हतं. आणि ज्या घरात बाई सगळ्यांच्या नंतर जेवते, त्या घरात या दोन प्रश्नांची उत्तरं कधीच एक नसतात.

पण हे एवढ्यावर संपत नव्हतं. खांब निघाले तेव्हा पहिल्या फेरीत सगळ्या घरांना सरसकट दोनच डबे दिले होते. पावसात ते तळाला जायचे. तेव्हा घराघरातल्या म्हाताऱ्यांनी मावशीसारखीच आपली मशीनं बंद केली असणार. आणि मग मापाडीला त्या घरांमधून ती निळी रेघ कायमची गेलेली दिसली असणार. त्यातूनच तो शिकला होता.

दुसऱ्या दिवशी ती कोल्हापूरला मापाडीच्या कार्यालयात गेली. तिथला अभियंता निखिल वाळवेकर डिग्री झाल्यावर दोन वर्षं तिच्याकडेच काम शिकला होता. त्याने उठून खुर्ची दिली आणि चहा सांगितला.

"मॅडम, भावनेच्या बाजूने मला समजतं," तो म्हणाला. "पण मापाडीचा अंदाज शंभरात चौऱ्याण्णव वेळा बरोबर येतो. आणि डबे मोजकेच आहेत. जिथे भार टिकणार नाही तिथे दिले, तर टिकणाऱ्या घरांना कमी पडतात."

"बरोबर कसा येतो, ते बघितलंस कधी? ज्या घरांत असं मशीन होतं आणि बंद झालं, ती घरं काढ. कुठल्या महिन्यात बंद झालं ते बघ."

त्याने काढलं. पडद्यावर महिन्याला एक असे बारा खांब उभे राहिले. जुलै, ऑगस्ट आणि सप्टेंबरचे खांब बाकीच्यांच्या डोक्यावरून वर गेले होते.

"माणसं काय पावसाळा बघून मरतात निखिल?"

"दमेकऱ्यांना पावसाळा वाईटच असतो मॅडम."

"बरं. मग कोल्हापूर शहर काढ. तिथे तारेवरची वीज आहे. दमेकरी तेच, पाऊस तोच."

त्याने शहर काढलं. बारा खांब जवळपास सारखेच होते. वाळवेकरने दोन्ही चित्रं शेजारी लावून पुन्हा पाहिली. चहा आला, तो तसाच राहिला.

"आता डोंगरातल्या त्या घरांची बॅटरी बघ. शेवटच्या आठवड्यातली."

त्याने एक घर उघडलं, मग दुसरं, मग तिसरं. प्रत्येक बॅटरी तळाला होती. नंतर त्याने उघडायचं थांबवलं.

"आपण लहान बॅटरी दिली," उर्मिला म्हणाली. तिने आवाज चढवला नव्हता, तरी शेजारच्या टेबलावरची माणसं वळून बघायला लागली. "ती संपली. घरातल्या म्हाताऱ्या माणसाने आपलं मशीन बंद केलं, कारण दूध नासू नये. ते गेलं. आणि तुझा मापाडी काय शिकला? की असली माणसं जातातच. मग पुढच्या म्हाताऱ्याला त्याने लहान बॅटरी दिली. तोही गेला. मापाडी पुन्हा बरोबर ठरला. चौऱ्याण्णव म्हणतोस? असाच चालला तर शंभर येतील. स्वतः मारून स्वतः बरोबर यायला कसली अक्कल लागते?"

वाळवेकरने उघडलेली घरं एकेक करून बंद केली.

"माझ्याकडे आलास तेव्हा पहिला प्रश्न कुठला शिकवला होता मी तुला?"

"काय काय लागतं," तो हळूच म्हणाला.

"तो कुठे गेला?"

"यंत्रात तो नाहीये मॅडम. मी हे सगळं वर पाठवतो. आजच पाठवतो. पण बदल पुढच्या आवृत्तीत होईल."

"ती कधी?"

"मार्चात."

"मावशीसमोर हा पावसाळा आहे. मार्च कुणी बघितलाय?"

तो उठून खिडकीपर्यंत गेला आणि परत आला. मग खुर्चीत बसून, पडद्यावरचे नियम वाचत असल्यासारखा, तिच्याकडे न बघता सावकाश बोलायला लागला. "माझ्या हातात डबे वाढवणं नाही. मला फक्त घराचा प्रकार बदलता येतो. आणि प्रकार बदलायला व्यवसाय लागतो. व्यवसायाच्या यंत्रांचा भार मापाडी कायम धरतो, पंचवीस वर्षं. त्याला तीन अंधाऱ्या दिवसांची साठवण मिळते. शीतगृह, दूध संकलन, पिठाची गिरणी." इथे तो थांबला. "यंत्रं मरत नाहीत, असं गृहीत आहे."

उर्मिलाने त्याच्याकडे पाहिलं. तो अजून पडद्याकडेच बघत होता, पण त्याचे कान लाल झाले होते.

"गिरणीला पंचवीस वर्षं," ती म्हणाली. "आणि गिरणीवालीला चौदा महिने."

घाट चढताना गाडीत तिने ठरवलं की मावशीपासून काही लपवायचं नाही. आजवर सगळ्यांनी तेच केलं होतं. तिने रणजित आणि सोनललाही सोप्यात बोलावलं आणि सगळं सांगितलं. निळी रेघ, चौदा महिने, तात्पुरता भार. मावशी शांतपणे ऐकत होती. मशीन घुं घुं करत होतं.

"तात्पुरता?" ती शेवटी म्हणाली. "मांडवातल्या लायटीगत?"

"हो."

"म्हणून पदी लवकर येतीया. म्हणून माझं इरकल उन्हात घातलं हुतं." तिने रणजितकडे मान वळवली. "आंगठा तू दिलास?"

रणजितने मान खाली घातली.

"डाक्टरला इचारलास?"

"न्हाय."

"मला इचारलास?"

"आई, तुला कसं इचारणार..."

"का? जगायचंय का मला, येवढं इचारता आलं न्हाय तुला? मग बांबू तरी सांगून ठिवलास का? का त्ये बी मशीन सांगणार हाय, कंच्या दिवशी आणायचं?"

रणजित ओक्साबोक्शी रडायला लागला, चाळिशीकडे झुकलेला बाप्या. सोनलने तोंडाला पदर लावला. मावशीने त्याला रडू दिलं. तिला स्वतःला दम लागला होता, आणि त्या धापेतच ती चिडून म्हणाली, "भिकाजी तात्या बी आसंच. त्यांच्या घरात एप्रिलपासनंच कोण वर बघून बोलत नव्हतं. त्यास्नी काय कळत नसंल व्हय? आपलं जाणं घरानं धरलंय म्हटल्यावर मशीन चालू ठेवावं कुणासाठी?"

हे मात्र उर्मिलाच्या ध्यानात आलं नव्हतं. मापाडीचा अंदाज नुसता डब्यांतून काम करत नव्हता. तो घरातल्या माणसांच्या नजरेतूनही काम करत होता.

"मावशी," ती म्हणाली, "तुझी गिरणी परत चालू करायची."

गिरणीची खोली पंधरा वर्षं बंद होती. मोठी मोटर कधीच विकली गेली होती, पण जाती जागेवर होती आणि पाटीही होती. तीन एचपीची मोटर उर्मिलाने आणून बसवली. जात्याला टाकी लावायला गडहिंग्लजहून माणूस आला, त्याने दगडाच्या तोंडाला नव्याने घाव घातले. रणजित सगळ्यांच्या पुढे राबला. त्याच्याकडून दुसरं काही बोललं जात नव्हतं, म्हणून तो नुसता राबत होता. वाळवेकरने घराचा प्रकार बदलला आणि मापाडीने नेहमीचं दोन महिन्यांचं ऐकणंही सोडून दिलं. व्यवसायाचं म्हटल्यावर त्याने त्याच दिवशी मंजुरी दिली. चार डबे, तीन अंधाऱ्या दिवसांची साठवण, पंचवीस वर्षं. सोबत व्यवसायाला शुभेच्छा.

त्या शुभेच्छा वाचून उर्मिलाला टॅब भिंतीवर आपटावासा वाटला.

गिरणी खोटी नव्हती. ऊन असेल तेव्हा सोनल तोंडाला फडकं बांधून दळायची, आळीतल्या बाया दळणाचे डबे घेऊन यायच्या. मावशीला त्या खोलीत पाऊल टाकायची बंदी होती. ती सोप्यात बसून नुसत्या आवाजावरून सांगायची, "जातं घट झालंय, सैल कर." ढग आले की दळण बंद. मग चारही डबे मावशीचे. जुलैत सलग ढग बसले, ऑगस्टात बसले, लाल दिवा लागला नाही. मावशीची काठी दाराच्या मागे उभी करून ठेवली होती.

ही गोष्ट सोलरवाल्यांमध्ये पसरायला वेळ लागला नाही. उर्मिलानेच पसरवली. आजरा, चंदगड, गगनबावडा, जिथे जिथे तिचे ओळखीचे लोक काम करत होते, तिथे प्रत्येकाला तिने सांगितलं, आधी घरात बसा आणि काय लागतं ते विचारा. त्या वर्षी डोंगरात इतक्या गिरण्या निघाल्या की तेवढं दळायला धान्य कुठून येणार, असा प्रश्न पडावा. जिथे ऑक्सिजनचं मशीन तिथे गिरणी. जिथे घरी डायलिसिस करणारा माणूस तिथे दूध संकलन केंद्र, मग गोठ्यात एकच म्हैस का असेना.

मार्चात नवी आवृत्ती आली. वाळवेकरचा फोन आला तेव्हा तो हसतोय की रडतोय ते उर्मिलाला कळेना. त्याने पाठवलेलं सगळं वर कुठेतरी पडून होतं. "काय लागतं" हा प्रश्न यंत्रात आलाच नव्हता. पण मापाडी आपल्या आपण नवीन शिकला होता. ज्या घरात पिठाची गिरणी असते, तिथे श्वासाचे रुग्ण जास्त जगतात. म्हणून यापुढे फुप्फुसाच्या रुग्णाच्या घरी गिरणी बसवावी, अशी त्याची शिफारस होती.

उर्मिलाने ते मावशीला वाचून दाखवलं. तीस वर्षं जिने पिठाची भुकटी छातीत घेतली, ती बाई खोकला येईपर्यंत हसली. उर्मिलाला हसू आलं नाही. तिला अजूनही आलेलं नाही. ती दर पंधरा दिवसांनी कार्यालयात जाते, तेच बारा खांब दर वेळी वेगळ्या साहेबापुढे ठेवते आणि तोच प्रश्न विचारते. आता तिला तिथे चहा मिळत नाही.

त्या पुढच्या ऑगस्टात, म्हणजे निळी रेघ जिथे संपायची होती त्या महिन्यात, उर्मिला मावशीकडे असताना भिंतीवरचा इन्व्हर्टर एकदा वाजला. डबे भरलेले होते, मशीन चालू होतं. त्याच्या छोट्या पडद्यावर अक्षरं आली होती.

"काय म्हणतंय?" मावशीने विचारलं.

उर्मिलाने वाचलं. "तात्पुरता भार अपेक्षित मुदतीनंतरही सुरू आहे. दोष असल्याची शक्यता. तपासून कळवा."

"मग कळीव की."

"दोनच बटणं आहेत मावशी. दोष दुरुस्त केला, नाहीतर भार बंद केला."

"चालू हाय, बरं हाय, आसं बटण न्हाय?"

"नाही."

मावशीने नाकातली नळी नीट केली. "मग काय दाबू नगो. बोंबलू दे त्येला."

तेव्हापासून तो इन्व्हर्टर रोज सकाळी वाजतो. कळवलं नाही तर रोज आठवण करायची, असं त्याला शिकवलेलं आहे. रणजितने तार काढून तो आवाज बंद करतो म्हटलं होतं, पण मावशीने करू दिलं नाही. सकाळी चहा होतो, भिंतीवर ते वाजतं, अक्षरं येतात, आणि मावशी खुर्चीतून त्याच्याकडे न बघताच ओरडून सांगते, "हाय. हाय अजून."

आतून रणजित विचारतो, "आई, दुसरा कप घेणार?"

"आण की," ती म्हणते. "आनी साखर घाल जरा."